दीर्घिकांचे समूह एकाच दिशेला वाहताहेत, मग विश्वाचं मॉडेल चुकलं का?

ओलिताची_रात्र
राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला (जि. यवतमाळ) कास्तकार. बीएस्सी फिजिक्सला वीस वर्षं झाली. पुस्तकं सुटली, आकाश सुटलं नाही. सध्या आमच्या फीडरवर आठवड्यातले तीन-चार दिवस रातपाळीची लाइन असते, म्हणून गव्हाला पाणी ओलायला रात्रीच जावं लागतं. हिव मरणाचं, पण आकाश असं की मान खाली होत नाही.

परवाची गोष्ट. निंबाजवळचा तुकडा आम्ही दोन पिढ्या सपाट समजत आलो. वडील म्हणायचे, तळहातासारखा आहे. यंदा दांड नव्याने काढला आणि पाणी सोडलं, तर ते पूर्वेच्या कोपऱ्याला पाठ फिरवून सरळ निंबाकडे निघालं. बॅटरी मारून दहा मिनिटं बघत उभा राहिलो. जमिनीचा उतार डोळ्याला दिसत नव्हता, पाण्याने दाखवला.

तेव्हाच डोक्यात आलं की दीर्घिकांचं (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट वस्त्यांचं) असंच आहे. २०२३ मध्ये 'कॉस्मिकफ्लोज-४' या दीर्घिकांच्या अंतरांच्या यादीवरून काही संशोधकांनी हिशोब मांडला. आपल्याभोवती सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचा गोळा घेतला, तर त्यातला सगळा पसारा सेकंदाला ४०० किमीच्या आसपास वेगाने एकाच दिशेला सरकतोय. सध्याच्या प्रमाण मॉडेलनुसार (कृष्णद्रव्य आणि कृष्ण ऊर्जावालं) एवढ्या मोठ्या गोळ्यात हा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी निघायला हवा.

माझे दोन प्रश्न. इतक्या दूरच्या वस्तूची 'वाहण्याची' गती मोजतात कशी? आणि ही गती खरी असेल तर मॉडेल चुकलं म्हणायचं का? तिसरा प्रश्न माझ्या सातवीतल्या लेकीचा: "बाबा, मग आपण कुठं चाललो?" तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

रानमेवा
रुमाल टाकून ठेवते. पोरं झोपली की निवांत वाचेन.

लोणारचं_विवर
भाऊ, लय भारी धागा काढला. मले समजन तेवढं वाचतो, न समजलं तं इचारतो.

हस्ताचा_पाऊस
पहिल्या प्रश्नाचं घेते. मी वर्धा जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, बारावीच्या पोरांना जसं सांगते तसंच सांगते.

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश लालसर बाजूला सरकतो, ती ताम्रसृती. तिच्यावरून ती दीर्घिका आपल्यापासून एकूण किती वेगाने दूर जातेय हे अगदी नेमकं कळतं. पण या एकूण वेगात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे विश्वाचा विस्तार, आणि दुसरी त्या दीर्घिकेची स्वतःची चाल, शेजारच्या वस्तुमानाने ओढल्यामुळे आलेली. आपल्याला दुसरी हवी आहे, म्हणून पहिली वजा करायची.

आकडे घालून बघू. एक समूह १०० मेगापार्सेकवर आहे, म्हणजे साधारण ३२ कोटी ६० लाख प्रकाशवर्षं. हबलचा स्थिरांक (दर मेगापार्सेकमागे विस्ताराचा वेग किती किमी/से वाढतो तो आकडा) ७० धरला तर विस्तारामुळे तो ७००० किमी/से वेगाने दूर जायला हवा. ताम्रसृतीवरून आला ७४००. उरलेले ४०० त्याची स्वतःची चाल, आणि तीही फक्त आपल्या नजरेच्या रेषेतली. आडवी चाल अशी मोजताच येत नाही.

हे वाचायला सोपं आहे. अडचण सगळी 'तो १०० मेगापार्सेकवर आहे' या वाक्यात आहे.

काटेकोर
हस्ताचा_पाऊस यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. अंतर मोजायचं कसं?

सर्पिल दीर्घिकांसाठी टली-फिशर संबंध वापरतात (१९७७). जी दीर्घिका जास्त वेगाने फिरते ती जास्त तेजस्वी. फिरण्याच्या वेगावरून खरं तेज काढायचं, दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघायचं, अंतर मिळतं. लंबवर्तुळाकार दीर्घिकांसाठी 'मूलभूत प्रतल' नावाची अशीच युक्ती आहे. पण एका दीर्घिकेमागे २० टक्क्यांच्या आसपास चूक राहते. टाइप वन-ए सुपरनोव्हा (एका ठराविक प्रकारचे ताऱ्यांचे स्फोट) खूप नेमके, पण ते कुठे आणि कधी फुटतील हे आपल्या हातात नाही.

आता ७००० चे २० टक्के करा: १४००. म्हणजे ४०० ची चाल शोधायची आणि हातात १४०० ची चूक. धागाकर्त्याच्या ९० कोटी प्रकाशवर्षांवर विस्ताराचा वेग १९ हजारांच्या पुढे जातो, तिथे एका दीर्घिकेमागची चूक ४००० च्या घरात जाते. म्हणूनच एकट्या दीर्घिकेपेक्षा समूह धरतात. समूहातल्या शंभर दीर्घिकांची अंतरं काढून सरासरी घेतली की १४०० ची चूक १४० वर येते.

पऱ्हाटी
काटेकोर, सरासरीने सगळ्या चुका जात नाहीत. हे आम्हा कापूसवाल्यांना विचारा!

गेल्या सालची गोष्ट. घरून गाठोडी मोजून नेली होती, खरेदीच्या जागी वजन कमी भरलं. वाटलं एखादं गाठोडं चुकून मोजलं असेल, म्हणून सगळी एकेक करून परत काट्यावर टाकली. प्रत्येक गाठोडं दीड-दोन किलोने कमी. गाठोडी दहा मोजा की शंभर, काटाच एका बाजूला झुकलेला असला तर सरासरीसुद्धा झुकलेलीच येणार. भांडून दुसऱ्या काट्यावर नेलं तेव्हा फरक कळला.

तर माझा प्रश्न: आकाशाचा काटा तपासायला दुसरा काटा आहे का?

हस्ताचा_पाऊस
पऱ्हाटी, तुमचा प्रश्न या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या वर्गात तुमची गाठोडी सांगणार.

त्या मोजणीत नेमकी हीच धास्ती आहे. कॉस्मिकफ्लोज-४ मध्ये जवळपास ५६ हजार दीर्घिकांची अंतरं आहेत, पण ती अनेक वेगवेगळ्या सर्वेक्षणांतून, वेगवेगळ्या पद्धतींनी आणि दुर्बिणींनी गोळा करून एकत्र बसवलेली आहेत. दूरच्या भागातली बरीचशी मापं 'स्लोन' या आकाश-सर्वेक्षणाची, आणि तीही मुख्यतः उत्तर आकाशातली. समजा उत्तरेचा काटा आणि दक्षिणेचा काटा यांत फक्त २ टक्क्यांचा फरक राहून गेला. १९,३०० चे २ टक्के किती? ३८६. म्हणजे ज्या ४०० किमीवरून एवढी चर्चा चाललीय, जवळजवळ तेवढाच खोटा वेग त्या फरकातून उभा राहू शकतो.

हबलचा स्थिरांकच चुकीचा घेतला तर मात्र असं होत नाही. तेव्हा चारी बाजूंना सारखाच आत किंवा बाहेर जाणारा वेग दिसतो, एका दिशेला जाणारा दिसत नाही.

काटेकोर
पटलं. तरी दोन टक्क्यांची चूक 'असू शकते' म्हणणं वेगळं आणि 'आहे' म्हणणं वेगळं. ज्यांनी यादी केली त्यांनी जोडणीची काळजी घेतलेलीच आहे. मूळ हिशोबाप्रमाणे प्रमाण मॉडेलमध्ये असा प्रवाह योगायोगाने दिसण्याची शक्यता एक लाखात तीनपेक्षाही कमी आहे. हा आकडा झटकून टाकता येत नाही. माझं स्पष्ट मत: मॉडेलला तडा गेलाय.

वैनगंगा_काठ
तडा गेला म्हणायची घाई नको, हे याआधी घडून गेलंय. १९९४ मध्ये लाउअर आणि पोस्टमन यांनी एबेल यांच्या यादीतले ११९ दीर्घिका-समूह घेऊन सेकंदाला ६९० किमीच्या आसपास सामूहिक प्रवाह सांगितला होता. खळबळ उडाली. पुढच्या सर्वेक्षणांत तो प्रवाह त्या दिशेला, त्या वेगाने मिळाला नाही.

आणि उलट उदाहरणही आहे. १९७६ मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी आपला स्थानिक समूह वेगाने सरकतोय असं मोजून दाखवलं, तेव्हा फार थोड्यांनी विश्वास ठेवला. पुढे १९८७-८८ च्या सुमारास सात जणांच्या एका गटाने चारशेच्या आसपास लंबवर्तुळाकार दीर्घिका मोजल्या आणि 'ग्रेट अट्रॅक्टर' (आसपासच्या दीर्घिकांना ओढणारी प्रचंड वस्तुमानाची जागा) समोर आला. मोठे प्रवाह असतात हे तिथून सगळ्यांनी मान्य केलं. वाद उरला तो किती मोठे एवढाच.

लोणारचं_विवर
मंग पऱ्हाटीच्या दुसऱ्या काट्याचं काय झालं? त्याचं उत्तर आलंच नाही.

हस्ताचा_पाऊस
येतेय त्याच्याकडेच. दुसरा काटा आहे आणि तो फार सुंदर आहे, कारण त्याला अंतर लागतच नाही.

विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश आज सगळीकडून सूक्ष्मलहरींच्या रूपात येतो, तापमान २.७२५ केल्विन. यालाच पार्श्वप्रारण म्हणतात. तो समूहातून जाताना तिथल्या कोट्यवधी अंश तापलेल्या वायूतल्या इलेक्ट्रॉनांवर आदळतो. समूह आपल्याकडे येत असेल तर त्या जागेचं पार्श्वप्रारण किंचित उष्ण दिसतं, दूर जात असेल तर किंचित थंड. सून्यायेव आणि झेल्डोविच या दोघांनी हे १९८० मध्ये मांडलं, म्हणून त्याला गतिज सून्यायेव-झेल्डोविच परिणाम म्हणतात. फरक केवढा? केल्विनच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा, आणि तोसुद्धा मोजकेच भाग! तरी २०१२ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या दुर्बिणीने तो पहिल्यांदा पकडला, समूहांच्या जोड्या एकमेकांकडे ओढल्या जाताना.

याच काट्यावर २००८ मध्ये कॅशलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी सातशेच्या आसपास समूह ठेवले आणि सेकंदाला ६०० ते १००० किमीचा प्रवाह सांगितला, नरतुरंग आणि नौकाशीर्ष यांच्या मधल्या दिशेला. 'डार्क फ्लो' हे नाव तेव्हाच गाजलं. दृश्य विश्वाच्या पलीकडचं काहीतरी ओढतंय, इथपर्यंत चर्चा गेली. मग प्लँक उपग्रहाची जास्त नेमकी मापं आली आणि २०१३ मध्ये प्लँकच्या गटाने सांगितलं की असा प्रवाह दिसत नाही. असलाच तर २५४ किमी/से पेक्षा कमी, ९५ टक्के खात्रीने. कॅशलिन्स्कींच्या बाजूच्या संशोधकांना ते विश्लेषण मान्य झालं नाही, पण बहुतेकांनी प्लँकचा कौल धरला.

पऱ्हाटी
म्हणजे एक काटा ४०० सांगतो, दुसरा म्हणतो २५४ च्या आत. असा फरक पडला की आम्ही तिसरा शोधतो.

काटेकोर
तिसरा आहे, आणि तो माझ्या बाजूने बोलतो.

आपली सूर्यमाला पार्श्वप्रारणाच्या तुलनेत सेकंदाला ३७० किमीने चालते. त्यामुळे पुढच्या बाजूचं प्रारण ३.३६ मिलिकेल्विनने उष्ण दिसतं, मागचं तेवढंच थंड. वेग भागिले प्रकाशाचा वेग करा, साधारण आठशेत एक, २.७२५ ला आठशेने भागा, तोच आकडा येतो. आता आपण खरोखर त्या वेगाने चालत असू तर दूरच्या क्वेसारांची (दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांची) गर्दीही पुढच्या बाजूला ठराविक प्रमाणात जास्त दिसायला हवी. अंतराचा प्रश्नच नाही, नुसती मोजदाद. २०२१ मध्ये १३ लाख ६० हजार क्वेसार मोजले गेले. दिशा साधारण तीच आली, पण गर्दीतला फरक अपेक्षेच्या दुप्पट! याचा अर्थ एकतर आपला वेग चुकीचा धरलाय, किंवा सगळीकडे विश्व सारखंच आहे हे गृहीतच तपासायची वेळ आलीय.

धुऱ्यावरचा
मी थोडं वेगळं विचारतो, राग मानू नका. सोयाबीन गेलं, तुरीवर मर आली. सेकंदाला चारशे किलोमीटरने दीर्घिका जावोत नाहीतर चार हजाराने, आमच्या मंडळात पाऊस कधी पडेल ते सांगा ना. या सगळ्याचा कास्तकाराला उपयोग काय?

ओलिताची_रात्र
धुऱ्यावरचा, राग कशाचा. माझीही तूर अर्धी उभ्याउभ्या वाळली. पण रात्री दोन वाजता पाण्याच्या कडेला एकटा उभा असतो तेव्हा वर बघितलं की मला बरं वाटतं. कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो, रात्र मात्र सरते. मला तेवढा उपयोग पुरतो.

वैनगंगा_काठ
धुऱ्यावरचा यांनी मंडळाच्या पावसाचं नाव काढलं ते फार बरं झालं, मला तेच उदाहरण हवं होतं.

आपल्याकडे महसूल मंडळात एक पर्जन्यमापक असतो. त्याच्यावर ढग फुटला तर कागदावर साऱ्या मंडळात अतिवृष्टी, तो कोरडा राहिला आणि शेजारच्या शिवारात गुडघाभर पाणी साचलं तरी कागदावर काहीच नाही. विम्याच्या वेळी हे आपण सगळ्यांनी भोगलंय. एका मापकावरून मंडळाचा पाऊस सांगणं जितकं अवघड, तितकंच एका गोळ्यावरून विश्वाचा स्वभाव सांगणं अवघड. आपल्याला मोजायला मिळालेला गोळा एकच, आपल्याच भोवतीचा. आपण जरा जास्त उताराच्या जागी राहत असू, एवढंही असू शकतं.

काटेकोर
तो 'जरा जास्त' लाखात तीन इतका दुर्मीळ आहे, ते विसरू नका. मापकाशेजारी लाखात एखाद्या वर्षी पडणारा पाऊस पडला तर मी आधी मापक तपासीन आणि नंतर हवामानाचं गणितही तपासीन. दोन्ही तपासायचं, एवढंच माझं म्हणणं.

हस्ताचा_पाऊस
यावर आपलं दोघांचं एकमत आहे. एक भर घालते: त्याच यादीवर दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने काम केलं तेव्हा वेग तसाच मोठा आला, पण अनिश्चितता बरीच जास्त निघाली. अनिश्चितता वाढली की दुर्मीळपणा कमी होतो. भांडण वेगाच्या आकड्यावर कमी आणि त्याच्या मागच्या 'अधिक-उणे'वर जास्त आहे.

रानमेवा
आता वाचलं सगळं. अवांतर विचारते, क्षमस्व: ही 'महासमूह' (म्हणजे समूहांचे समूह) वगैरे मंडळी आपल्याकडच्या कोणी शोधलीत का?

वैनगंगा_काठ
अवांतर कसलं, विषयातलंच आहे. 'शॅपली महासमूह' म्हणून जो ओळखला जातो, आपल्या परिसराला ओढणाऱ्यांतला सगळ्यात वजनदार, तो पुढे आणणाऱ्यांत सोमक रायचौधुरी होते, १९८९ मध्ये. पुढे ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संचालक झाले. आणि २०१७ मध्ये आयुका आणि आयसर पुणे (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) इथल्या संशोधकांनी 'सरस्वती' महासमूह जाहीर केला, मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर. त्यात ४३ समूह, लांबी ६० कोटी प्रकाशवर्षांच्या घरात. इतक्या जुन्या काळात एवढा मोठा पसारा कसा जमला, हाही प्रमाण मॉडेलला विचारलेला प्रश्नच आहे.

नारळीकर सरांची आठवण येते. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी महास्फोटाला पर्याय म्हणून वेगळं मॉडेल मांडलं होतं. बहुसंख्यांनी ते स्वीकारलं नाही, सर मात्र प्रश्न विचारत राहिले. २० मे २०२५ ला गेले. मराठीत वाचून आकाशाकडे वळलेली आमची सगळी पिढी त्यांची ऋणी आहे.

ओलिताची_रात्र
+१. सरांचं लिखाण शाळेच्या वाचनालयातून घरी नेऊन कंदिलाजवळ वाचलंय.

लोणारचं_विवर
महे दोन शब्द. टक्करवाल्या समूहाचं वाचलं होतं, 'बुलेट क्लस्टर'. थो म्हने सेकंदाले ४७०० किमीनं घुसला, अन् मॉडेलात एवढा वेग बसतच नाही. थे खरं हाय का?

हस्ताचा_पाऊस
छान आठवण केली. ४७०० हा वायूतल्या आघात-तरंगाचा वेग होता, समूहाचा नव्हे. समोरून वारा येत असताना सायकल चालवा: तोंडावर लागणारा वारा तुमच्या सायकलच्या वेगापेक्षा जास्त असतो. तिथे समोरचा वायू स्वतःच बुलेटकडे ओढला जात होता. २००७ मध्ये स्प्रिंगेल आणि फरार यांनी संगणकावर टक्कर घडवून दाखवलं की समूहाचा स्वतःचा वेग २७०० च्या आसपास असला तरी असा तरंग उठतो. काय मोजलं आणि ते कशाचं होतं, इथेच माणसं फसतात.

धुऱ्यावरचा
सायकल समजली. मघाच्या प्रश्नात जरा कडू बोललो, सोडून द्या. आता एक खरा प्रश्न: वेगावरून मॉडेल तपासतात म्हणजे नेमकं काय तपासतात? चारशे आले की दोनशे, त्यातून काय कळतं?

हस्ताचा_पाऊस
कडू काही नव्हतं. प्रश्न नेमका आहे.

धागाकर्त्याचं पाणी पुन्हा घ्या. पाण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: उतार किती आणि ओढ किती. दीर्घिकांसाठी उतार म्हणजे वस्तुमान कुठे किती जमलंय, आणि ओढ म्हणजे गुरुत्वाचा नियम. दीर्घिका मोजून उताराचा नकाशा काढता येतो. त्यावर आईन्स्टाईनचं गुरुत्व लावलं की वेग किती असायला हवा ते निघतं. त्यात विश्वातल्या पदार्थाचं प्रमाण (एकूण द्रव्य-ऊर्जेतला वाटा) येतं. आज ते ०.३ धरलं तर वस्तुमानाचे ढीग वाढण्याचा दर त्याच्या ०.५५ व्या घाताइतका, म्हणजे ०.५२ च्या आसपास. प्रत्यक्ष वेग याहून सगळीकडे जास्त निघाला तर एकतर पदार्थ जास्त आहे, नाहीतर इतक्या लांबवर गुरुत्व वेगळं वागतं. कृष्ण ऊर्जेऐवजी गुरुत्वाचाच नियम बदलणारी जी मॉडेलं आहेत, त्यांना पकडायची ही एक जागा आहे. विस्ताराचा इतिहास दोन्हींचा सारखा असू शकतो, पाणी मात्र वेगवेगळं वाहतं.

पैनगंगेपलीकडे
मी हिंगोलीकडचा. म्हणजे तुमच्या भाषेत मराठवाडा, पण नदी ओलांडली की यवतमाळच. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय, केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिसऱ्या काट्याची गोष्ट चालली म्हणून सांगतो, चौथा आमच्या शिवारात उभा राहतोय.

गुरुत्वीय लहरींवरून (जड वस्तूंच्या टकरीतून अवकाशात उठणाऱ्या तरंगांवरून) अंतर थेट मिळतं, टली-फिशरची शिडी लागत नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत कोसळले, वासुकीतल्या एका दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. त्यावरून हबलचा स्थिरांक काढताना त्या दीर्घिकेच्या ३३०० किमी/से वेगातले ३०० च्या आसपास तिच्या स्वतःच्या चालीचे म्हणून वजा करावे लागले. प्रवाह नीट माहीत नसेल तर विस्ताराचा दरही चुकणार. आणि उलट, अशा पुष्कळ टकरी मिळाल्या तर प्रवाहच थेट मोजता येतील.

पऱ्हाटी
चौथा काटा शेजारच्या जिल्ह्यात! हे वाचून खरंच अंगावर काटा आला.

रानमेवा
पेंचला कोणी गेलंय का? जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या महाराष्ट्राच्या बाजूच्या व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (कृत्रिम दिव्यांपासून जपलेलं अंधारं आकाश) म्हणून मान्यता मिळाली. पोरांना न्यायचा विचार आहे.

वैनगंगा_काठ
आम्ही गेलो होतो. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खाली पडेल असे केलेत, फरक जाणवतो. अमावस्येच्या आगेमागे जा आणि जाड स्वेटर न्या.

काटेकोर
मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर धागाकर्ते रागावतील. इतक्या चर्चेनंतर माझं मत थोडं सरकलंय. 'तडा गेलाय' हा शब्द मागे घेतो. तडा कुठे बघायचा ते कळलंय, एवढं म्हणतो. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा पुढच्या काही वर्षांत सुपरनोव्हांचा ढीग देईल, आणि मुख्य म्हणजे दक्षिण आकाशातले. उत्तर-दक्षिण काट्याचा संशय तिथे मिटेल किंवा पक्का होईल.

हस्ताचा_पाऊस
हे मला मान्य. ओलिताची_रात्र, लेकीचा प्रश्न राहिला. तिला असं सांगा: आपण एका वेळी अनेक ठिकाणी चाललोय. सूर्याबरोबर आपण सिंह आणि चषक यांच्या हद्दीकडे चाललोय, सेकंदाला ३७० किमी. आकाशगंगा, देवयानी आणि आसपासच्या छोट्या दीर्घिका मिळून वासुकीच्या बाजूला, ६२० किमी. २०१४ मध्ये टली आणि सहकाऱ्यांनी ५२ कोटी प्रकाशवर्षं रुंदीच्या आपल्या महासमूहाचा नकाशा काढून त्याला 'लानिआकेआ' नाव दिलं, हवाईच्या भाषेत अर्थ होतो अफाट आकाश. आणि त्याच्याही पलीकडे शॅपली.

दाखवायचं कसं तेही सांगते. पंचांगातली पावसाची नक्षत्रं तुम्हाला पाठ आहेतच. सध्या पहाटे चार-साडेचारला हस्त आणि चित्रा दोन्ही वर असतात. हस्ताच्या पश्चिमेला फिकट चषक, त्याच्या थोडं वर आपल्या सूर्याची दिशा. आणि ठळक चित्रा सापडली की हात लांब करून तिच्याखाली एक वीत मोजा. तिथे डोळ्याला काही दिसणार नाही. शॅपली तिथे आहे, ६५ कोटी प्रकाशवर्षांवर.

लोणारचं_विवर
हस्ताचा पाऊस आला की धान भरते एवढंच माहीत होतं बाप्पा. आपन तिकडंच चाललो हे आज समजलं.

ओलिताची_रात्र
पाच दिवसांनी येतोय, माफी. शनिवारी रात्रीची लाइन होती. लेकीला चारला उठवलं, गोधडीत गुंडाळून गाडीवर मागे बसवलं आणि शेतात नेलं. आधी बॅटरी बंद करून दहा मिनिटं नुसते बसलो. मग हस्त तिनेच शोधला, पाच बोटं मोजून. चित्रा मी दाखवली.

वीत मोजायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझी वीत तुमच्याहून लहान आहे, माझं शॅपली चुकणार." म्हटलं मोजून तर बघ. दोघांनी हात लांब केले. तिची वीत लहान, पण हातही तेवढाच आखूड. दोघांचीही करंगळी खाली त्याच काळ्या जागेवर टेकली. तिने तीनदा मोजून बघितलं.

मग विचारलं, "तिथं पोहोचू का आपण?" म्हटलं नाही, विश्वाचा विस्तार तिकडच्या ओढीपेक्षा जास्त आहे, आपण झुकतो पण पोहोचत नाही. तिला ते आवडलं नाही. बराच वेळ गप्प होती.

निंबाकडचं पाणी तोवर भरून वाहायला लागलं होतं. उठून फावड्याने दांडाचं तोंड फोडलं, पूर्वेच्या कोपऱ्याकडे मातीची आडवी पाळ घातली. उजाडायच्या आत तिथे पाणी पोहोचलं. सहाला लाइन गेली.

रानमेवा
पेंचला येताना तिला घेऊन या. माझ्या पोरांना वीत मोजायला तीच शिकवेल.